एका कॉइलची गिटार

आई, काल मी ठाण्याला जाऊन इलेक्ट्रिक गिटार घेऊन आले. एक्कावन्नाव्या वर्षी. तू असतीस तर आधी "आता गो काय करणार तिचं?" म्हणाली असतीस, आणि माझं उत्तर येईपर्यंत पिशवीची चेन उघडूनही झाली असती. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण सांगण्यासारखं सगळं कुणाला ना कुणाला सांगून व्हायचं. कालची गोष्ट मात्र तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. नवऱ्याला सांगितली, तर तो कौतुकाने "अरे वा" म्हणाला आणि चहा ठेवायला गेला. त्याची चूक नाही. त्याने तुला कारखान्यात बघितलेलं नाही.

कोपरच्या घरी आपल्या खाली बोटीवरचे काका राहायचे, आठवतात? सहा महिने समुद्रावर आणि सहा महिने घरी. घरी असले की खिडक्या उघड्या टाकून परदेशातल्या कॅसेटी लावायचे. त्यात एक अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांची होती. कंट्री म्हणतात त्याला, हे मला फार नंतर कळलं. शब्द तुलाही कळायचे नाहीत आणि मलाही. पण गाणारा माणूस दम घ्यायला थांबला की गिटार एकटीच सुटायची. टणटणीत, कोरडी, सूर ताणून वर नेणारी आणि एकदम सोडून देणारी. त्या वेळी तू भाकरी थापत असायचीस. थापणं थांबवून म्हणालीस, "ही बघ कशी, अंगणातली कोंबडी दाणे टिपते तशी वाजते." मला हसू आलं होतं. मला तो आवाज इतका आवडायचा की अभ्यासाचं पुस्तक घेऊन मी मुद्दाम खिडकीतच बसायचे, आणि माझ्या आईला त्यात कोंबडी दिसते याची जरा लाजच वाटायची.

लाज तुझ्या कामाचीही वाटायची, आता लिहूनच टाकते. एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात तू रिले नावाच्या विजेच्या स्विचांच्या कॉइली भरायचीस. मी वर्गात सांगायचे, आई कंपनीत आहे. कंपनीत काय करते ते सांगायचे नाही. खंडेनवमीला घरच्यांना आत सोडायचे, तेव्हा मी पहिल्यांदा तुझं टेबल बघितलं. सात-आठ वर्षांची असेन. मशीनला झेंडूची माळ, हळदकुंकवाची बोटं, आणि पूजा झाल्यावर मला दाखवायला म्हणून तू मशीन चालू करतेस. पायाने पेडल दाबतेस. केसाहून बारीक तांब्याची तार डाव्या हाताच्या दोन बोटांतून, बनातीच्या तुकड्यामधून सरकत जाते आणि बॉबिनवर वेढ्यावर वेढा बसतो. मी मधेच बोट घालते आणि तार तुटते. मला वाटतं आता धपाटा बसणार. तू टोक शोधतेस, पुन्हा लावतेस आणि म्हणतेस, "ओढायची नाही. आपण ओढतोय हे तिला कळता कामा नये."

मग ते वर्ष आलं. मी सातवीत होते. तू शनिवारी डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या फडक्याखाली बाद झालेल्या कॉइली लपवून आणायला लागलीस. रविवारी बाबा बाजारात गेले की आपण दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायचो. तुझ्या कॉइली ओपन जात होत्या, म्हणजे तार आत कुठेतरी तुटलेली असायची, आणि मीटर लावला की काटा हलायचाच नाही. बहुतेक वेळा ती बाहेरच्या टोकाला, कथलाचा डाग दिलेल्या जागीच तुटलेली असायची. ते टोक तुला दिसत नव्हतं. मला दिसायचं. मी सुईने ते उचलायचे, दोन-तीन वेढे उलटे सोडायचे, ब्लेडने अगदी हलक्या हाताने वरचं वार्निश खरवडायचे आणि तू कथलाचा डाग द्यायचीस, सोमवारी गुपचूप परत न्यायला. "कुणाला बोलायचं नाही हं," असं तू दर रविवारी म्हणायचीस. डोळे गेले म्हटल्यावर तुला उचलून पॅकिंगला टाकतील याची तुला भीती होती. पॅकिंगला कुणालाही बसवता येतं, कॉइलीवर नाही, असं तू एकदाच बोललीस, तेही माझ्याकडे न बघता. पाच-सहा महिने आपण ते केलं. शेवटी तुमच्या सुपरवायझर बाईंनी तुला मशीनवर डोळे बारीक करताना पकडलं, आणि ओरडायच्या ऐवजी म्हणाल्या, "अहो, चष्मा लावा की! मी काय शोभेला लावलाय?" त्या संध्याकाळी तू चष्मा लावून घरी आलीस आणि तांदळातले खडे वेचता वेचता इतकी हसत होतीस की बाबा बघायला आत आले.

दहावीनंतरच्या दिवाळीत तू मला गिटार आणलीस. कल्याणला बाजारात दुकानं शोधत एकटीच गेली होतीस आणि येताना रिक्षात ती मांडीवर उभी धरून आलीस. लाकडी, पोकळ पोटाची, साधी गिटार. मी ती बघितली आणि माझं तोंड उतरलं. मला काकांच्या कॅसेटमधला आवाज हवा होता आणि तो इलेक्ट्रिक गिटारचा असतो, एवढं तोवर मला कळलं होतं. मी म्हटलं, "ही नाही. ही दुसरीच आहे." तू म्हणालीस, "आधी हिच्यावर बोटं बसव, मग बघू." आणि मी, सोळा वर्षांची, म्हटलं, "तुला काय कळणार त्यातलं? दिवसभर तारा गुंडाळत बसतेस तू."

तू गॅस बारीक केलास, ओट्यावरून फडकं फिरवलंस, आणि मग शांतपणे म्हणालीस, "गुंडाळते. नीट गुंडाळते." बस एवढंच. मी महिनाभर ती गिटार वाजवली आणि माळ्यावर टाकली. ते वाक्य मी कधी परत घेतलं नाही, तूही पुन्हा काढलं नाहीस. माझ्या लग्नात, बाळंतपणात, तुझ्या आजारपणात आपण शेकडो गोष्टी बोललो. ही तेवढी राहिली.

सहा वर्षांपूर्वी लेक शिकायला बंगळूरला गेली आणि संध्याकाळी घर मोठं वाटायला लागलं, तेव्हा मी तीच गिटार खाली काढली. फोनवर व्हिडिओ बघत शिकले. बोटं बसली, तुझ्या सांगण्याप्रमाणे. पण तो आवाज येईना. तिच्या तारा जाड, ताणायला गेलं की बोट सोलवटतं, आणि सूर अर्ध्यावरच थांबतो. तेव्हा ठरवलं, आता घ्यायचीच. ऑफिसात नकाशे काढून झाले की दुपारच्या वेळात मी गिटारींच्या किमती बघत बसायचे.

ठाण्याचे दुकानदार साठीचे. पूर्वी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. "मुलासाठी का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझ्यासाठी." काय वाजवायचंय विचारलं, तेव्हा मी फोनवर एक तुकडा ऐकवला. ते खुर्चीत सरळ बसले. "अहो ताई, हे कुणी मागतच नाही इथे! ह्याला चिकन पिकिंग म्हणतात. कोंबडी बोलते ना, तसं." आई, ऐकलंस? जगभरचे वाजवणारे त्याला कोंबडीच म्हणतात. तू भाकरी थापताना ओळखलं होतंस.

त्यांनी दोन गिटारी काढल्या. एक लाल, चकचकीत, दोन-दोन कॉइलींच्या जोड्या बसवलेली. ती वाजवली तर आवाज गोल, मऊ, साजूक तुपातला. छान होती, पण ती नव्हे. दुसरी नवी, एका कॉइलीची, बरी वाटली, पण तिचा गळा, म्हणजे धरायची दांडी, माझ्या हाताला जाड होता. "एकेरी कॉइल हवी, तीही मागच्या बाजूला, जिथे तारा अडकवतात तिथे," ते सांगत होते. "तिथे तार ताठ असते, म्हणून आवाज असा टणकन उडतो. मात्र ट्यूबलाइटजवळ गुणगुण करते हं, नंतर तक्रार नको." मी विचारलं, "कॉइल? गिटारमध्ये?" तेव्हा त्यांनी समजावलं. तारांखाली एक लांबट डबी असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती तांब्याची केसाहून बारीक तार, हजारो वेढे. वरची तार थरथरली की तो थरथराट ही कॉइल विजेत उतरवते. आवाज तिथे तयार होतो. वेढे किती आणि कसे ताणून भरलेत, त्यावर तो ठरतो.

तुझंच काम, आई.

कोपऱ्यात तिसरी एक होती, जुनी, साय रंगाची, फळीसारखी सपाट. तिचा गळा हातात घेतला आणि बोटं आपोआप जागेवर गेली. "ती नका बघू," दुकानदार म्हणाले, "तिचा मागचा पिकअप ओपन गेलाय." हाच शब्द, आई. मी म्हटलं, "मीटर आहे तुमच्याकडे? आणि सुई?" त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी चष्मा पुसला, आणि त्यांनी स्क्रू काढून दिले. "बघा बाई, आणखी तुटली तर कॉइल गेलीच," ते म्हणाले, आणि तरी दिवा जवळ सरकवला. पहिली पाच मिनिटं मला काही दिसलं नाही. मग बाहेरच्या कडेला, डागाच्या अगदी जवळ, ते टोक दिसलं. सुईने उचललं. दोन वेढे सोडले. ओढलं नाही. ब्लेड फिरवलं, एकदा, दोनदा, तांबं उजळलं. डाग मी दिला, कारण द्यायला तू नव्हतीस. दुकानदारांनी मीटर लावला आणि म्हणाले, "च्यायला! सॉरी ताई. पण हे शिकलात कुठे?"

मी म्हटलं, "माझी आई कॉइली भरायची. एमआयडीसीत. नीट भरायची." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.

तीच आणली. गुणगुण करते, ट्यूबलाइट बंद करून वाजवते. आज सकाळी पहिल्यांदा सूर पूर्ण वर गेला आणि टणकन सुटला, अगदी तसाच, आणि मी एकटीच मोठ्याने हसले. वेगात अजून जमत नाही, जमेल. हे कागद ऑफिसातल्या रद्द नकाशांच्या पाठीवर लिहिलेत. घडी करून गिटारच्या पिशवीत बाहेरच्या खणात ठेवीन, जादा तारांच्या पाकिटांसोबत.

एक मात्र सांगते. अकरा वाजता शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि म्हणाल्या, "काय गोड लावलं होतंत हो मघाशी, रेडिओ का?" दुकानात एवढं छातीठोक बोलणारी मी, वाटी हातात घेऊन उभी राहिले, आणि हो म्हणाले.