कोळ्याला किती दिवसांनी घालावं

२२ फेब्रुवारी १९९७

सकाळी पाणी भरलं. बायकोचा, मुक्ताचा तेरावा काल झाला, उरलेले पाहुणे दहाच्या नगर गाडीने गेले. सतरंज्या धुऊन गच्चीवर टाकल्या. दुपारी घर एकदम रिकामं.

मागच्या खोलीत गेलो. मुक्ताचे दोन कोळी तिथे आहेत. मोठा माशांच्या जुन्या काचपेटीत, लहान दुकानातल्या बिस्किटांच्या बरणीत. मोठा पंजाएवढा. काळा, अंगभर केस. चार वर्षांपूर्वी खर्ड्याच्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं, तिथे एक मजूर फावड्याने चेचणार होता. शाळेत शिकवून येताना तिने पाहिला आणि जेवणाच्या डब्यात घालून घरी आणला. एस.टी.त मांडीवर डबा घेऊन बसली होती! कंडक्टर माझ्याच डेपोचा. त्याने मला सांगितलं तेव्हा मला कळलं.

नाव ठेवलं नव्हतं. "नाव ठेवलं की आपण त्याला आपल्यासारखा समजायला लागतो," म्हणायची.

आजारपणात शेवटी बोलणं फार नव्हतं. एकदाच म्हणाली, "कोळ्यांकडे बघाल ना?" मी हो म्हटलं. किती दिवसांनी खायला घालायचं हे विचारायचं राहून गेलं. तीस वर्षांच्या संसारात तिच्या कामातलं एकदाही काही विचारलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

दोघांना एकेक झुरळ. दोघांनीही घेतलं. मोठ्याने कसं धरलं ते दिसलंच नाही — झुरळ चालत होतं आणि मग नव्हतं.

१ मार्च

वेळ ठरवून टाकली. रोज संध्याकाळी सात. चौतीस वर्षं डेपोत कंट्रोलर होतो, वेळेशिवाय मला जमत नाही.

शेजारच्या लंकाबाईंनी दाराबाहेरूनच विचारलं, "भाऊ, ते अजून हायेत का घरात?" आहेत म्हटलं. "मास्तरीनबाई गेल्या, आता तुमी कशाला इख सांभाळता?" थोड्या वेळाने लंकाबाईच काडेपेटीत दोन झुरळं घेऊन आल्या. "मोरीत घावली. घ्या. पर मी आत येनार न्हाई!"

दोघांची पोटं चांगली भरलेली दिसतात. द्राक्षासारखी टरटरीत. बरं वाटलं. तिने सोपवलं ते नीट चाललं आहे.

९ मार्च

लहान तीन दिवस खात नाही. दोन रातकिडे बरणीत तसेच फिरत आहेत. काढून घ्यावेत का? हात पुढे केला आणि मागे घेतला. वाढलेलं ताट जेवणाऱ्यासमोरून उचलू नये, हे आईने शिकवलेलं. राहू दे. भूक लागेल तेव्हा खाईल.

दहाव्याचं आठवलं. पिंड ठेवले तर अर्धा तास कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले, खाली एकही येईना. मुक्ताचा भाऊ गोरक्ष, पुणतांब्याचा, रडकुंडीला आला. हात जोडून म्हणाला, "अक्का, दाजींना आमी एकटं सोडत न्हाई. पुनतांब्याला नेतो. शबूद देतो!" मग कावळा आला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला, माझ्याकडे पाहिलं. मुक्ता असती तर म्हणाली असती, कावळ्यांचं पोट भरलं असेल.

मी मान हलवली होती. म्हणजे मीही शब्द दिला असं धरतात.

१२ मार्च

लहान कोळी मेला. सकाळी बरणीत उताणा पडला होता. पाय वर. अंगावरची साल अर्धी सुटलेली, आतलं अंग पांढरं, ओलं. आणि रातकिडा त्याच्या पोटाशी बसून खात होता.

मी ठेवलेला रातकिडा!

परसात पपईखाली पुरला. कोणाला सांगणार? कोळी मेला म्हणून कोण भेटायला येतं.

१४ मार्च

मुक्ताच्या वहीत राधाकृष्ण सरांचा नंबर मिळाला. नगरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. ती त्यांची विद्यार्थिनी. एस.टी.डी. बूथवरून फोन केला. ती गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मग म्हणाले, "पहिल्या बाकावर बसून भांडायची माझ्याशी."

मग मी रातकिड्याचं सांगितलं. न लपवता.

सर रागावले नाहीत. म्हणाले, हे कोळी कात टाकतात. त्याआधी खाणं सोडतात, कधी आठवडे, कधी महिने. कात टाकताना उताणे पडतात आणि मऊ असतात, हलता येत नाही. तेव्हा जिवंत किडा आत असला तर तोच त्यांना खातो. "नाही खाल्लं तर संध्याकाळीच काढून घ्यायचं. आणि रोज कशाला घालता हो? आठ-दहा दिवसांनी एक किडा पुष्कळ झाला. पाणी मात्र कायम." घड्याळ बघायचं नाही, पोट बघायचं. मागचा भाग पुढच्याहून लहान दिसला की घालायचं. फुगला असला की थांबायचं.

फोनचा आकडा पळत होता तरी मी एकच विचारलं — तिला हे सगळं माहीत होतं का?

"माहीत? मला तिनेच पत्रातून कळवलं. पुस्तकात आपल्याकडच्या कोळ्यांचं कुठे आहे?"

मी रोज पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसायचो.

३० मार्च

मोठाही खात नाही. दोन आठवडे झाले. दर आठव्या दिवशी नाकतोडा सोडतो, सूर्य मावळला की चिमट्याने काढून घेतो. पाणी रोज बदलतो.

गोरक्ष आला. घासाच्या वाफ्यातून पकडलेले नाकतोडे बरणीभर घेऊन. "दाजी, फवारा मारलेला न्हाई बरं का, अक्का आधी त्येच इचारायची." बहिणीच्या कोळ्यांसाठी हा चार वर्षं घासात वाकून किडे पकडत होता, हेही मला आज कळलं.

जेवताना विषय काढला. "चला आता. खोली रंगवून ठिवलीय. हितं कुनासाठी ऱ्हाताय?"

मी मागच्या खोलीकडे पाहिलं.

"त्यो किडा? दाजी, आवो लोक म्हशीपायी आडून बसत्यात, तुमी किड्यापायी!" हसला. मलाही हसू आलं — बऱ्याच दिवसांनी.

म्हटलं, तो आहे तोवर राहू दे. त्याचं झालं की येतो. किडाच तो, किती जगणार! वर्ष, सहा महिने. गोरक्ष म्हणाला, "व्हय, तेवढं चालंल."

८ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली नाही.

आज एक वेडेपणा केला, लिहून ठेवतो. नाकतोडा सोडला. मोठ्याने पाय आखडून घेतले आणि तोंड फिरवलं. दहाव्याचा कावळा डोळ्यांपुढे आला. मुक्ताचं काही राहिलंय का? मी पेटीपुढे हात जोडून उभा राहिलो! म्हटलं, तुझी पुस्तकं शाळेला देतो. नाकतोडा तसाच. तुझ्या बहिणीशी अबोला धरलाय, तो सोडतो. तसाच. पुणतांब्याला जातो. तसाच. मग म्हटलं, कधी काही विचारलं नाही, चुकलं माझं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तो हललाही नाही. कोणाच्या शब्दासाठी तो थांबलेला नव्हता. त्याला खायचं नव्हतं, एवढंच.

नाकतोडा काढून बाहेरच्या गवतात सोडला. घरी येऊन पुस्तकं मात्र बांधली. शाळेला द्यायला हवीतच.

२७ एप्रिल

सहा आठवडे. आता नाकतोडा सोडणंही बंद केलं, सर म्हणाले त्रास देऊ नका. फक्त पाणी. रंग मळकट, पोटाची मागची बाजू काळी पडली आहे. पेटीतल्या मातीत काचेलगत केलेल्या बिळाचं तोंड त्याने जाळ्याने लिंपून घेतलं.

लंकाबाई म्हणतात, "उपाशी मारताय भाऊ त्याला. पाप लागंल." रोज म्हणतात. आणि रोज वाटतं, खरंच मारत असलो तर? घालणं सोपं होतं. न घालता बसणं जड जातं. तिने हे कसं केलं असेल — सकाळी शाळा, दुपारी स्वयंपाक, आणि मध्ये एका उपाशी जिवापुढे हात न लावता बसणं. मी तिला घाईची समजत होतो.

६ मे

सकाळी दहाला पेटीकडे गेलो तर मोठा उताणा. पाय वर.

लंकाबाई पाणी मागायला आल्या होत्या. दारातून पाहिलं. "गेला गं बाई! सांगत हुते मी! थांबा, सुपली आनते, उचलून टाकू." मी आडवा उभा राहिलो. कदाचित जोरात बोललो. "कोणी हात लावायचा नाही." त्या उंबऱ्यावरच बसल्या. पहिल्यांदा एवढ्या आत.

अकरापर्यंत काही नाही. मला वाटलं, गेलाच. मग पाठीचं कवच कडेने सुटलं, डबीचं झाकण उघडावं तसं. आतून दुसरं अंग. मग पाय. आठही पाय एकदम, जुन्या पायांतून मागे ओढत — थोडं ओढायचा, थांबायचा. घट्ट बांगडी हातातून काढतात तसं. आवाज नाही, घाई नाही. दोन वाजता सगळा बाहेर आला आणि कुशीवर पडून राहिला. करडा, मखमलीसारखा. दात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे. शेजारी जुनं अंग, केसांसकट, जसंच्या तसं. वाटलं, दोन कोळी आहेत.

लंकाबाईंच्या डोळ्यांत पाणी. "बाळंतीन हुती तशी सुटका झाली की हो." मग म्हणाल्या, "आता दूध ठिवू का?" नाही म्हटलं! पाणीच.

जेवायचं राहून गेलं होतं. चार वाजता लक्षात आलं.

७ मे

उभा आहे. काही घालायचं नाही. नवे दात मऊ असतात, सर म्हणाले; काळे होईपर्यंत नाही.

१८ मे

बारा दिवसांनी दात काळे कुळकुळीत. पोट लहान. आज नाकतोडा सोडला. पुढचे दोन पाय उचलले, क्षणभर तसेच धरले आणि झडप! काचेवर आवाज झाला. मी एकटाच होतो, तरी "शाबास" म्हणालो.

सरांनी कात मागवली होती. फोटोच्या फिल्मच्या डबीत कापूस घालून पोस्टाने पाठवली. पोस्टातल्याने विचारलं, आत काय? अंगरखा म्हटलं. त्याने माझ्याकडे नीट बघून शिक्का मारला.

२६ मे

एक नाकतोडा. घेतला. आता पुढच्या आठवड्यात, तेही पोट बघून.

गोरक्षचं पत्र, पावसाच्या आत सामान हलवू, टेम्पो सांगून ठेवलाय. उत्तर लिहायचं आहे.

११ जून

राधाकृष्ण सरांचं कार्ड आलं. कात भिंगाखाली पाहिली. मादी आहे. "नर लवकर जातात. मादी नीट ठेवली तर वीस वर्षंही जगते. ही वयाने बरीच तरुण दिसते."

मी एकोणसाठचा.

गोरक्षला टेम्पो नको म्हणून लिहिलं. दुपारी मागच्या खोलीचं दार उतरवलं. खालून कुजलं होतं, त्याला पत्रा मारला. परत बसवताना धरायला कोणी नव्हतं, म्हणून विटांवर टेकवलं.