सापकेशीचं पार्लर

३ जुलै

सौ. वन्सं यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

'सप्रेम' सवयीने लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नका. तुम्ही भाचीला पाठवलेला त्या ग्रीक देवांच्या गोष्टीचा तिसरा भाग मिळाला आणि तसाच कपाटात गेला. कुलूप घातलंय. पहिल्या दोन भागांनी काय दिवे लावलेत ते ऐका.

काल शाळेत बोलावलं होतं. केसांना रंग लावलेलं गिऱ्हाईक मदतनीस मुलीवर सोडून गेले. 'माझे वडील' या निबंधात तुमच्या भाचीने लिहिलंय, की वडील देव आहेत आणि देवांना मुलांना भेटायची बंदी असते, म्हणून ते घरी येत नाहीत. बाई म्हणाल्या, कल्पनाशक्ती छान आहे. मी बोटांवरचे डाग लपवत हो हो म्हटलं. तुमचा भाऊ दुसरं घर थाटून बसलाय, लेक कितवीत आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि तुम्ही त्याला ग्रीकांच्या देव्हाऱ्यात नेऊन बसवलंत. वर त्या गोष्टीतली केसांत साप असलेली राक्षसीण काय करते, तर पार्लर चालवते. माझाच धंदा बरा सापडला.

पुढचा भाग पाठवू नये. लोभ आहे तेवढा पुरे.

तुमची वहिनी

९ जुलै

वहिनींस,
नमस्कार. सप्रेम मीही गाळलं.

पुस्तक मी लिहिलेलं नाही. शाळेचं ग्रंथालय सांभाळते, तिथे मुलं या पुस्तकासाठी एकमेकांच्या उरावर बसतात, म्हणून भाचीला पाठवलं. ग्रीकांचे देव मुळातच तसले. मुलं गावभर, आणि स्वतः कधी घरी नाहीत. त्यासाठी माझ्या भावाची गरज नव्हती. तो भाऊ आहे, मी त्याचं वकीलपत्र घेतलेलं नाही.

तुम्ही मलपृष्ठावरचा मजकूर वाचून निकाल दिलात, हे मी पैजेवर सांगते. नायिका पार्किंगच्या तळघरात बैलतोंड्या राक्षसासमोर उभी असताना दुसरा भाग संपतो. तिथे तिसऱ्याला कुलूप घालणं याला दुष्टपणा म्हणतात. पोरगी फोनवर रडत होती.

लोभ कधी होता का, ते आठवून कळवा.

तुमची नणंद

१४ जुलै

वन्सं,
नमस्कार फक्त वयाला.

रडत होती, आणि फोन तुम्हाला केला. हेच मला खुपतंय. आज तुम्हाला, उद्या त्याला. बापाने टाकलं हे समजलेली मुलगी माझ्याजवळ राहील. बाप देव आहे असं वाटणारी एक दिवस त्याला शोधत निघेल, आणि तो चार गोड शब्द बोलून ठेवून घेईल. मला त्याची भीती वाटते. देवाशी मी कुठे बरोबरी करू? मी केस कापते.

कुलूप राहील. लोभाचं तुम्हीच बघा.

वहिनी

१५ जुलै

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दोघी ज्या पुस्तकावरून भांडताय ते दोघींनीही नीट वाचलेलं नाही. नायिकेला वाऱ्यांचा देव असलेला बाप भेटतो तेव्हा तो तिला नाव विचारतो. विसरलेला असतो. मी इतकी हसले की उचकी लागली. निबंधात खरं लिहिलं की बाई डोक्यावरून हात फिरवतात. मला ते आवडत नाही, म्हणून देव लिहिला.

सगळ्यात भारी सापकेशी आहे. ती वाईट नाहीच. तिचं वाटोळं एका देवानेच केलेलं असतं. ती नायिकेला केस वाळवायच्या यंत्राखाली लपवते आणि शोधायला आलेल्या देवासमोर काळा चष्मा काढते. देव खोटं बोलता बोलता दगड होतो. आई घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे चष्मा कपाळावर सरकवून बघते ना, अगदी तसंच. मी मैत्रिणींना दाखवायला आणते, त्या काचेबाहेर उभ्या राहतात. आईला सांगू नकोस.

किल्ली रोलरच्या डब्यात असते. आई तुला पत्र लिहायला आतल्या खोलीत दार लावून बसली की मी वाचते. अजून बरीच पानं उरलीत. तू जरा खरमरीत उत्तर पाठव.

तुझी भाची

१७ जुलै

वन्सं यांस,
नमस्कार.

सोबतचं पत्र आमच्या कन्यारत्नांचं आहे. पाकीट त्यांनी खोट्या पापण्या लावायच्या डिंकाने चिकटवलं होतं, दप्तरातून पडलेलं उचललं तर माझ्या हातातच उघडलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. बाप नाव विचारतो तिथे मला काही हसू आलं नाही. मी खुर्चीत बसून रडले. मग मुली काचेबाहेर आल्या, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवला.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. विचारल्याशिवाय पाठवलंत ते चूकच होतं. किल्ली मात्र डब्यातच आहे, आणि हे पत्र मी मुद्दाम लांबवते आहे. बाहेर पानं उलटल्याचा आवाज येतोय.

चौथा भाग पाठवा. आणि उत्तर चांगलं झोंबेल असं लिहा, मला पुन्हा दार लावून बसायचं आहे.

वहिनी