विहिरीवरचा धुण्याचा दगड

बदामी, रविवार

चिरंजीव नागेंद्रा,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. मी खुशाल हाय. इथं जोंधळ्याची भाकरी मिळत्या, तवा जेवणाची काळजी करू नको. तुझी कंबर कशी हाय? गवंडी आल्यात म्हणून तू स्वतः दगड उचलाय जाऊ नको.

माझ्या लेकीनं, सौम्यानं, कॅमेरा गळ्यात घालून ह्या सहलीला धाडलं, ते लई बरं केलं. बाकीची माणसं देवळांचं फोटो काढत्यात, खरं मी काल रस्त्याकडंच्या एका दगडाफुडं बसलो ते उठलोच न्हाई. त्यावर गाई कोरल्यात आणि धनुष्य घेतलेला गडी. गाईड म्हणाला, "याला वीरगळ म्हणतात. गावची गुरं सोडवताना जो मेला, त्याचा हा दगड."

फोटो छापून संगट धाडलाय. नीट बघ. आपल्या गुंजी गावच्या विहिरीवरला धुण्याचा दगड असाच हुता न्हवं? कोरीव कामात आईची लुगडी अडकून फाटायची, म्हणून आपुन दोघांनीच पहारीनं त्यो पालथा घातलता. आई किती खूश झालती!

फोनवर सांगाय गेलो तर तू नव्या घराच्या पायाचंच बोलून ठेवून देतोस. म्हणून लिहितोय. त्यो दगड घराच्या पायात घालू नको, बाबा. पुढच्या रविवारी मी येतोय. पहार मी धरतो, तू नुसतं "हं" म्हण.

इतकी वर्सं त्यानं पालथं पडून आपल्या आईचं धुणं पाठीवर सोसलं. आता त्याला उभा करू.

तुझा,
भरमूअण्णा