थोरलीची उजवी बाजू

गुरुवार, चौदा तारीख

ताईस सप्रेम नमस्कार. भाऊजींनाही. छकुलीला दोन्ही गालांवर पापा दे आणि सांग, मामाकडे मांजर आहे, खरंखुरं, एक कान अर्धा असलेलं.

तुझी दोन पत्रं येऊन पडलीत आणि मी उत्तर टाळत होतो. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण तू लगेच म्हणशील, तुला कसला रे वेळ नसतो. रोज कागद पुढे घ्यायचो, 'ताईस' एवढं लिहायचो आणि मग काहीतरी निघायचं. पेनातली शाई संपायची. गिऱ्हाईक यायचं. मांजर फोटो धुण्याच्या औषधाच्या ट्रेमध्ये पाय घालायचं. आज स्टुडिओ दुपारचा बंद आहे, मास्तर आत पंख्याखाली झोपलेत, मांजर त्यांच्या पोटावर झोपलंय, आणि मला एकही सबब उरलेली नाही.

मास्तर म्हणजे हा स्टुडिओ ज्यांचा, ते. मागच्या पत्रात मी पाट्या रंगवतो असं लिहिलं होतं, ते काम सुटलं. म्हणजे मी सोडलं. आता इथे दिवे धरतो, अंधारखोलीत फोटो धुतो, लोकांच्या कॉलर नीट करतो. परवा एक नवरा-बायको आले. जोडीने फोटो हवा होता, पण दोघांचं वाटेतच बिनसलेलं. मास्तर म्हणाले, "जरा हसा." नवरा म्हणाला, "आधी तिला सांगा." बायको म्हणाली, "मी हसतच होते हो, मग लग्न झालं." मास्तरांनी त्याच क्षणी बटण दाबलं. इतका छान फोटो आला की दोघं आणखी एक प्रत घेऊन गेले.

बरं. भरकटलो.

तू लिहिलंस की बाबांनी ऑपरेशनला मान डोलावली. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. डॉक्टर छाती उघडणार म्हटल्यावर जो माणूस "उघडलेलं इंजिन कारखान्यातून परत येतं, पण ते तेच नसतं" असं म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपला, तो मी पाठवलेला फोटो हातात घेऊन "ठीक आहे, सोमवारी जाऊ" म्हणाला. आणि तू मला लिहिलंस, जन्मात पहिल्यांदा तू काहीतरी वेळेवर पोचवलंस. ती ओळ वाचून मी पत्राची घडी केली आणि चालायला निघालो. पार नदीच्या पुलापर्यंत गेलो. पुलावर एकजण गळ टाकून बसला होता, त्याच्याशी माशांबद्दल बोललो. मला मासे आवडतही नाहीत.

आता त्या फोटोबद्दल. कारखान्यात उघडलेलं माझं इंजिन अजून धड उभं आहे का ते फोटोत दाखवा, मग ऑपरेशनचं बघू, असं बाबा म्हणाले होते ना.

म्युझियम शहराच्या टोकाला आहे, जुन्या शेडमध्ये. वर काचेची कौलं, त्यातून उजेड तिरका पडतो, फोटोसाठी एकदम झकास. आत तिकिटांची यंत्रं, कंदील, स्टेशनमास्तरांच्या टोप्या आणि मधोमध थोरली. बाबांची थोरली. आठवतं ना, तू लहानपणी या नावावरून किती रुसायचीस? म्हणायचीस, घरात थोरली मी, आणि बाबा थोरली म्हणतात त्या इंजिनाला. आई म्हणायची, "तिला जास्त कोळसा लागतो, तुला कमी, एवढाच फरक."

मी दारातून पाहिली तेव्हा ती डाव्या बाजूने दिसत होती, ड्रायव्हरच्या बाजूने. काळीभोर. पितळ असं घासलेलं की त्यात माझे विस्कटलेले केस दिसत होते. चाकं माझ्या खांद्यापर्यंत. मला वाटलं होतं की बाबा नेहमीप्रमाणे वाढवून सांगतात, पण नाही ग, ती त्यांनी सांगितल्यापेक्षा मोठी आहे. मी तिथेच फिल्म संपवली असती. पण बाबांनी बजावून सांगितलेलं, "माझ्या बाजूचा काढ. ड्रायव्हरच्या बाजूने सगळेच काढतात." त्यांची बाजू उजवी, फायरमनची. त्यांनी जिथे उभं राहून फावड्याने आयुष्य भट्टीत टाकलं ती बाजू. खिडकीखालचा पत्रा त्यांच्या कोपराने गुळगुळीत झालाय, तोही फोटोत यायला हवा, असं त्यांनी तुझ्याकडून लिहवून घेतलं होतं.

मी वळसा घालून उजवीकडे गेलो.

ताई, तिला कापलंय.

पुढच्या टोकापासून बाबा उभे राहायचे त्या कॅबपर्यंत, उजवी बाजू सगळी. लोकांना आतलं दिसावं म्हणून. बॉयलरचं पोट उभं चिरलंय आणि आतल्या नळ्या ओळीने उघड्या आहेत. कापलेल्या कडांना लाल रंग दिलाय, नुकतंच कापल्यासारखा. भट्टी अर्धी, आत कोळसा म्हणून काळे रंगवलेले दगड चिकटवलेत आणि एक लाल बल्ब लुकलुकतो. कॅबची उजवी भिंतच नाही. खिडकी नाही, तो पत्रा नाही.

तिथे एक रखवालदार आहेत, टोपीवाले, गप्पिष्ट. मी बराच वेळ तिथेच उभा म्हटल्यावर जवळ आले.

"बटण दाबा की. चाकं फिरतात. खाली मोटर बसवलीय."

"कापली कशाला?"

"सहली येतात शाळेच्या. बाहेरून पोरांना काय कळणार? आता धूर कुठून जातो, पाणी कुठे, सगळं बोट दाखवून सांगता येतं."

"आणि कापलेला पत्रा?"

"तो काय कुणी जपून ठेवतं होय? भंगारात गेला असणार." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुमचं कुणी होतं का हिच्यावर?"

मी नाही म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही.

त्यांनीच बटण दाबलं. चाकं फिरली, दांडे पुढेमागे झाले, अर्ध्या भट्टीत बल्ब लुकलुकत राहिला. आवाज मिक्सरसारखा. मी बाकावर बसलो. एवढंच डोक्यात की हे बाबांनी पाहिलं तर ते कधीच ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाहीत. जगातला एकमेव पुरावा त्यांनी मागितला होता आणि तो असा निघाला.

मग मी जे केलं ते तू वाचून संपवेपर्यंत चिडू नकोस.

फोटोची निगेटिव्ह असते ना, ती उलटी घालून छापली की फोटो आरशासारखा येतो. डावं ते उजवं. डाव्या बाजूने काढलेली थोरली उलटी छापली की हुबेहूब उजव्या बाजूची दिसते, तोंड उजवीकडे, अंगावर ओरखडा नाही. फक्त कॅबवरचा नंबर उलटा आला असता. म्हणून मी रखवालदारांना कॅबच्या पायरीवर चढवून नंबरापुढे उभं केलं. त्यांनी टोपी सरळ केली, पोट आत घेतलं आणि विचारलं, पेपरात येणार का? मी म्हटलं, त्याहून मोठ्या ठिकाणी जाणार आहे.

खिडकीखालचा पत्रा डावीकडेही आहेच, कुणा ड्रायव्हरच्या कोपराने झिजलेला. मी म्हटलं, कोपर कुणाचं ते पत्र्याला थोडंच माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वाळत टाकलेला फोटो पाहिला. ते चष्मा कपाळावर ठेवूनच बघतात, तरी त्यांना दिसतं.

"हे उलटं छापलंस की रे."

"हो."

"चुकून?"

"नाही."

त्यांनी फोटो पालथा केला. मी सवयीने पाठीमागे स्टुडिओचा शिक्का मारून ठेवला होता, नाव, पत्ता, सगळं. मास्तर म्हणाले, "खोटं तुझं, मग शिक्का माझा कशाला?" आणि फोटो परत दोरीला अडकवला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी फोटो पाकिटात घालून तुला पाठवला.

म्हणजे बघ, बाबांनी हो म्हटलं ते मला नाही, तुला नाही, डॉक्टरांनाही नाही. एका धडधाकट इंजिनाला म्हटलं, जे कुठे नाहीच.

मी कुठेही राहिलो, कुठलंही काम धरलं आणि सोडलं, तरी बाबांशी खोटं बोललो नव्हतो. कारखान्यातली उमेदवारी सोडली तेव्हासुद्धा घरी येऊन तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी म्हटलं होतं, "तुझं बूड कधी एका जागी टेकायचं नाही, पण निदान सांगून पळतोस." तेवढी एकच गोष्ट त्यांच्या हिशेबी माझ्या बाजूने होती.

आणि मग तुझं दुसरं पत्र आलं. तू गंमत म्हणून लिहिलंयस, पण मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलंय. बाबा दिवसभर फोटो घेऊन बसतात. त्यातल्या रखवालदाराकडे बघून म्हणाले, "याच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कसा? शिंपी डावखुरा होता वाटतं." आणि हसले, आणि मग संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. तू लिहिलंस, आठवणींनी गप्प झाले असतील.

आठवणींनी नाही ग. त्यांना कळलंय. मी नंबर झाकला आणि खिसा विसरलो. आणि ज्याला खिसा दिसला त्याला बाकीचंही दिसलं असणार.

पण मग ते काही बोलत का नाहीत? सोमवारी जायला अजून तयार का आहेत? की तयार नाहीतच, नुसती तुझी समजूत काढतायत? की त्यांना वाटतंय, पोराने एवढी खटपट करून खोटं बोललंय तर आता मोडायचं कशाला? हे तिसरं मला सगळ्यात जड जातंय. मनाविरुद्ध ते टेबलावर झोपले, आणि काही झालं, तर मी कुठल्या गावाला पळू, सांग.

म्हणून लिहितोय. सोबत दुसरा फोटो घालतोय, खरा, उजव्या बाजूचा. निघताना काढला होता, एकच. लाल कडा काळ्यापांढऱ्यात करड्या दिसतात, पण बाकी सगळं आहे. त्यांच्यासाठी मी एकदा ठरवून टाकलं, आता परत मी ठरवणार नाही. तूही ठरवू नकोस. त्यांना दाखव आणि म्हणावं, याने हे लपवलं होतं, आता तुम्ही सांगाल तसं. ते नाही म्हणाले तर नाही. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी मी समजेन, पण इथल्या मांजराची बातमी छकुलीला

थांब, दाराच्या फळ्या वाजतायत. बंदची पाटी लावलीय तरी लोक येतात. मास्तर उठले.



ताई,

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर भाऊजींकडून वाचून घे.

बाहेरून आवाज आला, "फोटो उलटा छापणारा कोण आहे इथे?" आणि मास्तर म्हणाले, "शिक्का आमचा आहे, हात दुसऱ्याचा. या, बसा."

बाबा आलेत. एकटे. शिक्क्यावरचा पत्ता विचारत विचारत. फोटोच्या खुर्चीवर बसलेत, मागे मास्तरांचा रंगवलेला धबधबा, आणि धाप अजून बसलेली नाही. तुला सांगून निघालेत म्हणे, जुन्या ड्रायव्हरकडे दोन दिवस जातो म्हणून. खोटं बोलायचं कुठून आलं ते आता कळलं.

मी समोर उभा राहिलो तर म्हणाले, "थोरलीचा पंप कुठल्या अंगाला असतो?"

"डाव्या."

"आणि तुझ्या फोटोत?"

"उजव्या."

"एकच बाजू माणूस दोनदा वापरतो, तेव्हा दुसरी राहिलेली नसते. कापली ना तिला?"

"हो."

"कुठपर्यंत?"

मी बोटाने हवेत दाखवलं. त्यांची नजर बोटाबरोबर गेली आणि जिथे खिडकी असायची तिथे थांबली.

"माझी खिडकी?"

मी मान हलवली. त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला होता, तो तसाच राहिला. मग विचारलं, "आणि अशी कापलेली, उभी आहे?"

"उभी आहे. चाकंही फिरतात. बटणावर."

"बटणावर," ते म्हणाले, आणि हसायला गेले ते खोकल्यातच. खोकला थांबला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, ते खोकल्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. मग पेला ठेवून म्हणाले, "चल. आधी मी थोरलीला बघतो. मग तो डॉक्टर मला बघू दे."

हे मनापासून म्हणाले की तिकडे बटण दाबून झाल्यावर बदलतील, मला सांगता येत नाही. त्यांच्या पायाशी पिशवी आहे, तू दवाखान्यासाठी भरून ठेवलेली तीच, वर पट्ट्यांचा टॉवेल. त्यावरून मी आशा धरून आहे, तू लगेच धरू नकोस.

कोपऱ्यावरून तुझ्या शेजाऱ्यांकडे फोन करतो, म्हणजे तू शोधत फिरणार नाहीस. पत्रही टाकतो, सगळं तुला माझ्या हातचं कळावं म्हणून. दुसरा फोटो मात्र यात नाही. तो मी त्यांच्या हातात दिला. ते दाराशी उजेडात धरून बघतायत आणि मला हाक मारतायत.

त्यांची पिशवी खांद्याला लावून उभा असलेला,
तुझा
भिंगरी