बंडोपंतांचे अन्न

आषाढ वद्य षष्ठी, बुधवार

बंडोपंतांची खाद्याच्या गोळ्यांची पिशवी आज तळाला लागली. कै. अनिरुद्ध आणीत असे तीच जात, माशाचे चित्र असलेली, परदेशी. त्याच्यामागे केतकीने वर्षभर तीच चालू ठेवली. आज कामावर निघताना उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, "बाबा, मला नाही झेपत हे आता. फ्लॅटचा हप्ता, रोजचं जाणं-येणं, आणि हा. याला काहीतरी परवडणारं बघायला लागेल." बोलताना तिने माझ्याकडे पाहिले नाही, कुत्र्याकडे पाहिले. जणू त्याचीच अनुमती मागत होती.

मी म्हणालो, घरीच शिजवून घालू.

"कोण शिजवणार? तुम्ही? परवा दूध उतू जाऊन गॅस विझला, तेही कळलं नाही तुम्हाला."

खरे आहे. सूनबाई सकाळी कंटेनर यार्डातील कचेरीत जाते ती दिवेलागणीला परतते. तोवर घरात आम्ही दोघे वृद्ध. अनिरुद्धाने नाव ठेवले बंड्या. मी आदराने बंडोपंत म्हणू लागलो तेव्हा तो पोट धरून हसला होता. पुत्र गेला आणि त्याने हाक मारलेले श्वान मागे उरले. त्याचा सांभाळ एवढेच आता माझ्याकडून…

आषाढ वद्य नवमी, शनिवार

केतकीबरोबर उरणच्या बाजारात. प्राण्यांच्या खाद्याचे दुकान, पिशव्या छतापर्यंत रचलेल्या. सर्वांत हेच कोरडे गोळे. निवड कशावरून करावी हे मला उमगेना. दुकानदार इथलाच, आगरी, अनिरुद्धाच्या ओळखीचा. विचारले, यांत मांस नाही असे कोणते?

"आजोबा, ह्यान कोंबरी हाय, त्यान पन कोंबरी हाय. बिनकोंबरीचा ह्यो एकच. सगल्यान स्वस्त हाय. पन खरा सांगू? तुमचा कुत्रा जन्मभर मासली खाल्लेला. तो ह्याला तोंड नाय लावनार." मग त्याने मधल्या किमतीची एक पिशवी पुढे केली. "ह्यो घेवा. नोकरीवाली मानसा ह्योच नेतान."

केतकीने ती उचललीही. मी म्हणालो, चातुर्मास चालू आहे, आणि देवघर स्वयंपाकघराला लागून आहे.

"चातुर्मास तुमचा आहे बाबा. त्याचा कुठे?"

दुकानदार हसला. मी हसलो नाही. अनिरुद्ध असताना त्याची पिशवी त्याच्या खोलीत असे. मी डोळेझाक करीत असे. आता माझ्या संमतीने मांस घरात यावे, हे मनाला पटेना. केतकीने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पिशवी जागेवर ठेवून दिली. "तुमच्यापुढे बोलून काही उपयोग आहे का!" शाकाहारी पिशवी घेऊन परतलो. स्वस्तही हीच होती, हे मी रिक्षात दोनदा बोलून दाखविले.

आषाढ वद्य एकादशी, सोमवार

बंडोपंतांनी वाटी हुंगली, दोन पावले मागे सरले, बसले. सायंकाळीही तसेच.

केतकी म्हणाली, "एकादशी करतोय तो. शेवटी तुमच्याच घरातला ना." थट्टा होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवीत ती बराच वेळ फरशीवर बसून राहिली.

माझाही उपवास. त्याचा मात्र मी लादलेला.

आषाढ वद्य त्रयोदशी, बुधवार

आज तो जेवला!

पहाटे पूजा आटोपली. बाळकृष्णापुढे नित्याप्रमाणे बेदाण्यांचा नैवेद्य. कवळीमुळे मला ते चावत नाहीत, आणि अनिरुद्ध गेल्यापासून केतकी प्रसादाला हात लावीत नाही. मीही आग्रह करीत नाही. देवावर रागावण्याचा तिला अधिकार आहे. एरवी तो प्रसाद खिडकीत पाखरांसाठी ठेवतो. आज मनात आले, वैश्वदेवातही श्वानाचा भाग काढलेला आहेच. प्रसाद गोळ्यांवर पसरला, वर तुळशीचे पान ठेवले. बंडोपंतांनी वाटी चाटून लख्ख केली. शेपटी कपाटावर आपटत होती.

कित्येक महिन्यांनी माझ्याकडून कोणाचे तरी काही भले झाले असे वाटले.

सायंकाळी केतकीने रिकामी वाटी पाहिली. "काय जादू केलीत?" मी म्हणालो, देवाची कृपा. ती थोडीशी हसली.

श्रावण शुद्ध द्वितीया, रविवार

श्रावण लागल्यापासून नैवेद्य ओंजळभर, आणि तो सर्वच्या सर्व बंडोपंतांच्या वाटीत. आज मात्र न्याहारीनंतर त्याने ओकारी केली. दुपारी पुन्हा. केतकीची सुट्टी होती, फरशी पुसता पुसता म्हणाली, "ते स्वस्तातलं बाधलं. सांगत होता ना दुकानदार."

धर्म मी पाळायचा आणि त्याचा भार या मुक्या जीवाने…

श्रावण शुद्ध चतुर्थी, मंगळवार

पशुवैद्यांकडे नेले. केतकीने अर्धा दिवस रजा काढली. डॉक्टरबाई तरुण, बोलण्यात घाई. "काका, खाणं अचानक बदललं का? हळूहळू मिसळून द्यायचं असतं. वरचं काय काय देता? बिस्कीट, चपाती, दूध?"

काहीही नाही, मी म्हणालो.

"नक्की?"

नक्की, मी म्हणालो.

त्यांनी इंजेक्शन व औषध दिले, पिशवी बदलायला सांगितली. शाकाहाराचा हट्ट सध्या नको म्हणाल्या. रिक्षात केतकीने फक्त एवढेच विचारले, "आता तरी?" मी मान हलविली. मधल्या किमतीची ती पिशवी, कोंबडीची, चातुर्मासात घरात आली. कपडे वाळत घालतो त्या बाल्कनीत ठेवली आहे. आचमन केले, प्रार्थना केली, मन स्वस्थ होत नाही. पण हा नियम मोडल्याने तो जगणार असेल, तर मोडला म्हणून देवानेही रागावू नये.

श्रावण शुद्ध षष्ठी, गुरुवार

नव्या गोळ्यांनाही शिवत नाही. पाणी मात्र अतोनात पितो आणि पुन्हा आडवा होतो. औषध पोटात ठरत नाही.

आज नैवेद्य दुप्पट दाखविला. प्रसाद तळहातावर घेऊन त्याच्या तोंडाशी धरला. इच्छा नसता माझ्याकरिता त्याने थोडे खाल्ले. दर घासाला माझ्याकडे पाहत होता.

सायंकाळी केतकी त्याच्याजवळ बसली होती. मला म्हणाली, "हा पण जाणार, बाबा." मी काहीतरी शास्त्रातले बोलू लागलो. आत्म्याविषयी. तिने हात वर करून मला थांबविले.

श्रावण शुद्ध सप्तमी, शुक्रवार

लिहिणे भाग आहे, म्हणून लिहितो.

सकाळी तो उठू शकला नाही. सोसायटीच्या पहारेकऱ्याने आणि केतकीने चादरीत घालून रिक्षापर्यंत नेला. रक्त तपासले. मूत्रपिंडे निकामी होत आहेत. डॉक्टरबाईंनी कागदावरून मान वर केली. "द्राक्षं, मनुका, बेदाणे असं काही खाण्यात आलंय का याच्या?"

केतकी म्हणाली, "छे, आमच्याकडे येतच नाही ते. देवापुढे असतात तेवढेच."

मग ती माझ्याकडे वळली.

"किती दिले, काका?" डॉक्टरबाईंनी विचारले. मी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखविली. रोज? रोज. त्या हळू आवाजात म्हणाल्या, सगळ्या कुत्र्यांना बाधतात असे नाही, पण ज्याला बाधतात त्याची मूत्रपिंडे धरतात.

केतकी म्हणाली, "मंगळवारी विचारलं होतं त्यांनी. माझ्यासमोर विचारलं. तुम्ही नाही म्हणालात."

"ते खाणे नव्हते, केतकी. प्रसाद होता."

हे मी बोललो. डॉक्टरबाईंनी खाली पाहिले. केतकी बाहेर निघून गेली.

खोटे बोललो नव्हतो. प्रसाद हे अन्न असते, त्याने कोणाला अपाय होऊ शकतो, हे माझ्या मनाला आजवर एकदाही शिवले नाही. इतकी वर्षे पाठ, पारायणे, चिंतन. अन्नाला ब्रह्म म्हणताना मी अन्नाकडे पाहिलेच नाही. दिवसामागून दिवस त्याला मीच विष दिले, आणि देताना वर तुळशीचे पान ठेविले.

श्रावण शुद्ध अष्टमी, शनिवार

तो दवाखान्यातच आहे, सलाईनवर. देवाला स्नान घातले, पुढे नुसते पाणी ठेविले. दुसरे काही ठेवण्यास हात धजेना. रागावणे मला जमत नाही. पण मूर्तीकडे पाहणेही आज जमले नाही.

केतकी एकटी दवाखान्यात जाऊन आली. माझ्या चहावर झाकण ठेवून गेली होती. परतल्यावर इतकेच म्हणाली, "अजून लघवी झालेली नाही."

श्रावण शुद्ध नवमी, रविवार

दिवसभरात केतकी एकदाच बोलली. "अनिरुद्ध असता तर तुमच्यावर केवढा ओरडला असता. मला ओरडतासुद्धा येत नाही, बाबा. तुम्ही म्हातारे आहात."

ओरड, मी म्हणालो.

"भात लावते," म्हणाली आणि आत गेली. आतून कुकरच्या शिट्या ऐकू आल्या, आणि दोन शिट्यांच्या मधे तिचे रडणे.

श्रावण शुद्ध दशमी, सोमवार

केतकी रजेवर. सकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "चला. तो दाराकडे बघत असतो." गेलो. पुढच्या पायाला पट्टी, अंग अर्धे झालेले. मला पाहून त्याने शेपटी एकदा हलविली. त्याला माहीत नाही. त्याला माहीत असते तर बरे झाले असते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, किंचित लघवी झाली आहे. "बरा होईल म्हणत नाही. नाही होणार असंही म्हणत नाही. घरी आलाच, तर मूत्रपिंडाच्या आजारातलं वेगळं कोरडं खाणं लागेल, कायमचं. महाग असतं, आधीच विचारून ठेवा."

परतताना त्याच दुकानात उतरलो. दुकानदाराने मला ओळखले, बंड्या कसा आहे ते विचारले. केतकीने सांगितले, पण कारण सांगितले नाही. माझ्यादेखत तरी सांगितले नाही. त्याने आतून दोन पिशव्या काढल्या, एक लहान, एक मोठी, दोन्ही त्याच खाद्याच्या.

"लहान म्हंजे आठवराभराची. मोठी लय दिवस जाते, आनि मोठी घेतली तं स्वस्त परते. परवडायचा ह्यो एकच मार्ग हाय, आजोबा. नेली का परत नाय घेत मी. कोनती देऊ?"

केतकीने मोठ्या पिशवीवर हात ठेवला. मग उचलला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही सांगा, बाबा."

मी दोन्ही पिशव्यांवरच्या किमती वाचल्या, पुन्हा वाचल्या. दुकानदाराने आम्हा दोघांकडे पाहिले आणि दोन्ही पिशव्या गल्ल्यामागच्या फळीवर ठेवून दिल्या. उद्यापर्यंत विकीत नाही, म्हणाला.