गियरवरचा हात

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू म्हणालीस, गाडी विकून टाक, गिऱ्हाईक तयार आहे. मी 'हूं' म्हटलं आणि फोन ठेवला. त्या 'हूं'चा अर्थ कुणी होकार असा लावला असेल, तर तो त्याचा प्रश्न. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून तुझ्या नवऱ्याचा आवाज येतो आणि तू "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून हे लिहायला बसले. मी गाडी विकणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी क्लच दाबायला बंदी केली, तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, शेजारच्या सीटवर बसून अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवलं, आणि म्हातारपणी ही बिनक्लचची ऑटोमॅटिक. सुरुवातीला मी तिच्याशी नीट बोललेच नाही. ती आपली गुपचूप गियर बदलायची, तेही लवकर लवकर, पेट्रोल वाचावं म्हणून. पुलाच्या चढावर मला स्पष्ट ऐकू यायचं की हिला खालचा गियर हवाय, आणि ही बया वरच्याच गियरमध्ये कण्हत बसलेली. माझा डावा पाय नुसता शिवशिवायचा.

मग एकदा गियरचा दांडा नेहमीच्या चालीच्या 'डी'वर आणताना जरा जास्त ओढला गेला आणि 'एस'वर जाऊन बसला. बाजारातून निघाले ती गाडी गुरगुरतच. वरचा गियर घ्यायचं नाव नाही. मला वाटलं बिघडली, म्हणून तशीच गॅरेजवाल्याकडे नेली. तोही माझ्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे हसू लपवायला त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं. मग म्हणाला, बाई, बिघडलेलं काही नाही, तुम्ही स्पोर्ट मोडवर हिंडताय. इंजिन तेच, ताकदही तेवढीच. फक्त गाडी गियर उशिरा बदलते, खालचा गियर धरून ठेवते आणि ॲक्सिलरेटरला पाय लागला की लगेच ओ देते. उताराला इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. पेट्रोल मात्र जास्त पिते. मी म्हटलं, अरे, म्हणजे मी आजवर हातापायाने जे करत आले तेच की हे. त्या दिवसापासून आमचं दोघींचं जमलं. गावात 'डी', चढाला आणि ओव्हरटेकला 'एस'. उगाच गुरगुरत हिंडायची हौस मला नाही, पण गरजेला गुरगुरता आलं पाहिजे, एवढं माझं म्हणणं आहे.

आता त्या दिवशीच्या घाटाचं. तुमच्याच घराकडे निघालो होतो. शेजारी जावईबापू, माझ्या मागे तू. पुढे एक ट्रक रांगत चाललेला, आणि समोरचा रस्ता पार वळणापर्यंत मोकळा. मी 'एस' लावला आणि गाडी बाहेर काढली. इंजिनाने आवाज चढवला. जावईबापूंनी आधी छताजवळची कडी पकडली, मग "अहो आई, इंजिन फुटेल" म्हणत दुसरा हात पुढे केला आणि दांडा ढकलून 'डी'वर टाकला. चालवणाऱ्याच्या गियरला हात, ठकू. दोन ब्रेकवाल्या गाडीत बसून मी शेकड्यांनी माणसं शिकवली. कुणी रडलं, कुणी फुटपाथवर चढवली, पण मी कुणाच्या दांड्याला हात लावला नाही. जे सांगायचं ते तोंडाने सांगायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

ट्रकच्या बरोबरीला असताना गाडीने झटकन वरचा गियर घेतला. आवाज पडला, ओढ गेली. कान म्हणाला, खालचा गियर घे, आणि डावा पाय जो क्लच शोधायला गेला तो ब्रेकवर जाऊन आदळला. जित्याची खोड, दुसरं काय. पट्ट्याने जावईबापूंना करकचून आवळलं आणि त्यांच्या मांडीवरचा चष्मा खाली गेला. मी गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

घरी पोचेपर्यंत मात्र ठरून गेलं होतं की आईंचं आता वय झालं. चहा होईस्तोवर तुझ्या सासऱ्यांनाही बातमी पोचली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. डावा पाय माझा होता, मान्य. आता तो सीटखाली दुमडून ठेवते आणि रोज सकाळी रिकाम्या मैदानात सराव करते. पण हात कुणाचा होता, हे त्या खोलीत कुणीच बोललं नाही. तू मागून सगळं पाहिलंस आणि मूग गिळून बसलीस. मला राग आला. अजून गेलेला नाही.

तुला आठवतं का गं, तुझा पाय माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत हलका होता. भर चढावर थांबवून पुन्हा निघायला लावलं तरी गाडी बोटभर मागे यायची नाही. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तुला दुसऱ्यांदा करून दाखवायला लावलं होतं, निव्वळ बघायला मजा येते म्हणून. लग्नानंतर ते हळूहळू सुटलं. विचारलं तर म्हणायचीस, हे शेजारी बसले की माझ्या चुका होतात. त्या चुका कशा होत असतील ते मला घाटात कळलं.

आता गाडी न विकण्याचं खरं कारण सांगते. ट्रकच्या बाजूने आपण निघालो, तो हात मधे यायच्या आधी, माझ्या सीटला खालून रेटा लागला. तुझा उजवा पाय होता. शेजारी बसून बसून मला माणसांचे पाय ओळखता येतात. घाबरलेला माणूस टाच रोवतो आणि हिसक्याने ब्रेक दाबतो. तू सावकाश, एकसारखा दाब वाढवत होतीस. तू ॲक्सिलरेटर देत होतीस, ठकू. म्हणून शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन येते आहे. गिऱ्हाइकाला नाही म्हणून मीच कळवलं आहे, ते बोलणं तुझ्यावर यायला नको. घाट चढताना मी चालवेन, उतरताना तू. परवाना कपाटातून काढून ठेव आणि पायात सपाट चप्पल घाल. मी शेजारी बसेन, हात मांडीवर ठेवून. जावईबापूंना यायचं असेल तर खुशाल येऊ देत. मागची सीट ऐसपैस आहे, आणि तिथून दांड्यापर्यंत हात पोचत नाही.

तुझीच, कुणाचंही न ऐकणारी,
आई