एका बटणात सगळ्या सौ.

मसोली, शुक्रवार संध्याकाळ

उद्या घोलवडला आमच्या महिला मंडळाचं चिकू वाळवण्याचं प्रशिक्षण. नावांचे बिल्ले करायचं काम माझ्याकडे. एक साधी वेबसाइट सापडली. एका चौकटीत सगळी नावं टाकायची, दुसरीत एक शब्द, की तो प्रत्येक नावाआधी किंवा नावानंतर आपोआप लागतो. मी 'सौ.' टाकलं, बटण दाबलं, झालं! इतकी खूश, की शेजारच्या हेमाबेनना बोलावून दाखवलं.

वाचता वाचता त्या थांबल्या. "अगं, रंजनापण सौ.?"

रंजनाचा नवरा दिवाळीत गेला. रोज भेटते ती मला, तरी कसं सुचलं नाही? घाईने तिच्यापुरतं 'श्रीमती' केलं. पण मग सगळ्यांत ती एकटीच वेगळी दिसायला लागली. ते तरी बरं का?

"आमच्यात बघ, नवरा असो नसो, बेन ती बेन," हेमाबेन म्हणाल्या. "तुम्हालाच सौ.ची फार हौस!"

मग सगळ्यांचंच 'सौ.' काढलं आणि नावानंतर 'ताई' जोडलं. पुन्हा एकच बटण. माझंही 'सौ.' गेलं, तेव्हा क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. का वाटावं?

बिल्ले कापायला रंजना आली. स्वतःचा वाचून हसली. "सगळ्यांत लहान मी, आणि मला ताई?"

"काढू का?"

"राहू दे गं."

दिवाळीनंतर तिला असं हसताना आजच पाहिलं. हेमाबेन बोलल्या नसत्या, तर आज बिल्ले कापताना ते 'सौ.' तिने वाचलं असतं.